‘तूच काढून दे’ म्हणणारी मुलगी, अर्धवट क्राफ्ट आणि भराभर उलटलेली पानं

साडेचार वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा धाकटा, तुम्हा दोघांच्याही नोकऱ्या, दोन खोल्यांचं घर आणि संध्याकाळी हाताशी जेमतेम तासभर. मुलगी कागद घेऊन येते आणि ‘तूच काढून दे’ म्हणते. मोबाईलवर बघून क्राफ्ट करायला बसलात की निम्म्याहून जास्त काम तुम्हीच करता. चित्रपुस्तक उघडलं की ती तुमचं वाक्य पुरं होण्याआधी पान उलटते. तेव्हा आता चित्रकलेचा क्लास लावावा का, असं तुम्ही विचारलंय. बालवाडीत आणि मुलांच्या वाचनालयात मी बरीच वर्षं काम केलंय, आणि पालक हे प्रश्न नेहमीच विचारतात. क्लासचं शेवटी बघू. आधी ‘तूच काढून दे’कडे वळते, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी तिथूनच सुरू होतात.

या वयात मुलांची नजर हाताच्या पुढे धावत असते. मनातली मांजर आणि कागदावर उतरलेली मांजर यांतला फरक तिला कळायला लागलाय. त्यात कुणीतरी कधीतरी तिला कौतुकाने मांजर काढून दिलेली असते, दोनच्या आकड्याचं बदक करून दाखवलेलं असतं. मग तिची समजूत होते की बदकाचं एक बरोबर चित्र असतं आणि ते मोठ्यांनाच येतं. म्हणून ती पेन्सिल तुमच्या हातात देते.

तेव्हा तिच्या कागदावर काहीही काढू नका. पण ‘तुला येतं गं, काढ की’ असंही म्हणू नका. आपल्याला येत नाही असं तिला खरोखर वाटत असतं, आणि या वाक्याने तिची अडचण तिच्यापाशीच राहते. त्याऐवजी मांजरीबद्दल बोला. ती बसलीय की पळतेय? शेपूट कुठे गेली? कुणाला घाबरलीय? ‘तू मांजरीसारखी दबा धरून बसून दाखव बरं.’ एकदा अंगाने मांजर होऊन बघितलं की बहुतेक मुलांना कुठून सुरुवात करायची ते सापडतं. तरीही अडली, तर साधन बदला. जुन्या मासिकाचे आणि घोटीव कागदाचे तुकडे हाताने फाडायचे, टेबलावर पसरायचे आणि कुठल्या तुकड्यात काय दिसतंय ते शोधायचं. किंवा शाडूचा गोळा द्या. पेन्सिलीपुढे अडलेली मुलं मातीत लगेच मोकळी होतात, कारण मातीत चुकलं तर ते दाबून पुन्हा करता येतं.

तिच्या वयाची चित्रं कशी असतात हे तुम्हाला ठाऊक असलं, तर तुमची स्वतःची धाकधूक बरीच कमी होईल. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. रोडा केलॉग या अमेरिकी बालशिक्षिकेने जगभरातून लाखो बालचित्रं गोळा करून त्यांतल्या रेघोट्यांचा अभ्यास केला. दोन वर्षांच्या आसपास नुसत्या गिरगोट्या असतात. तिसऱ्या वर्षाच्या आगेमागे रेघ फिरून स्वतःलाच येऊन मिळते आणि गोल बंद होतो. मग त्या गोलाला डोळे येतात आणि डोक्यालाच हातपाय फुटतात. धड बहुधा त्यानंतर येतं. पाच-सहा वर्षांची मुलं आईचं पोट काढून आतलं बाळ दाखवतात, घराची भिंत पारदर्शक करून आतली चूल दाखवतात. आवडती आजी झाडापेक्षा उंच असते. खाली जमिनीची रेघ आणि वर आकाशाची निळी पट्टी सहा-सातव्या वर्षाकडे येते. यांतलं काहीच चूक नाही. मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला जे माहीत आहे आणि महत्त्वाचं वाटतं ते काढतं. ‘अगं, माणसाला मान असते ना?’ असं म्हणून तुम्ही मान काढून घेऊ शकाल, पण त्या चित्रात तिला जे सांगायचं होतं ते तिथेच थांबेल.

छापील रंगवायच्या पुस्तकांवर लोवेनफेल्ड यांचा कडक आक्षेप होता. माझा इतका नाही. रेल्वेच्या प्रवासात किंवा दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ती चालतात. मात्र रेघेच्या आत रंग भरणं हे चित्र काढणं नव्हे. घरात कागदापेक्षा अशी पुस्तकं जास्त असतील, तर ती हळूहळू कमी करा.

आता मोबाईलवरचं क्राफ्ट. त्यात शेवटी काय दिसायला हवं ते पहिल्या मिनिटालाच ठरलेलं असतं. साडेचार वर्षांच्या हातांना तसं जमत नाही, म्हणून तुम्ही कात्री घेता, मग गोंद घेता, आणि ती शेजारी बसून नुसती बघते. तयार झालेलं घुबड सुंदर असतं, पण ते तुमचं असतं. मी एक नियम पाळते आणि तुम्हीही तो पाळावा असं मनापासून वाटतं : कसं करायचं ते मुलांना अगदी नीट शिकवावं, काय करायचं ते मात्र मुलांवर सोडावं. ‘मुलांना मोकळं सोडा’ हे ऐकून काही पालक काहीच शिकवत नाहीत आणि मूल साधनांपाशीच अडकून कंटाळतं. तसंही नको. दोन पुठ्ठ्यांना एकेक खाच पाडून ते एकमेकांत उभे कसे अडकवायचे, कागदाची पट्टी नागमोडी घडी घालून स्प्रिंग कशी करायची, चिकटपट्टीची बिजागरी लावून दार उघडझाप कसं करायचं, गाठ कशी मारायची, हे सगळं दाखवा, दोनदा दाखवा, हाताला हात धरून दाखवा. त्या दाराच्या आत कोण राहतं ते तिचं ती ठरवेल.

कात्रीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक घरांत ती एकतर उशिरा दिली जाते किंवा चुकीच्या कागदासोबत. बोथट टोकाची पण चांगली कापणारी कात्री घ्या. न कापणाऱ्या प्लॅस्टिकच्या कात्रीने मुलं फक्त वैतागतात. सुरुवातीला बोटभर रुंदीच्या पट्ट्या द्या, म्हणजे एका चिमटीत तुकडा पडतो. कागद जाड हवा. जुन्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम, कारण पातळ कागद कात्रीत दुमडतो. अंगठा वर राहील, कोपर अंगाशी राहील आणि दुसरा हात कागद फिरवेल इकडे लक्ष द्या. मग सरळ रेघ, मग वळण. गोल कापणं पाच-सहा वर्षांपर्यंत वेडंवाकडं होणारच. ती डावखुरी असेल तर डाव्या हाताची कात्री आठवणीने शोधा. उजव्या हाताच्या कात्रीने डावखुऱ्या मुलाला रेघ दिसतच नाही आणि दोष त्याच्या हाताला दिला जातो.

सामानाचा खर्च फारसा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, आणि पुढे कोसबाडला, आदिवासी वस्त्यांमध्ये बालवाड्या उभ्या केल्या तेव्हा परदेशी शैक्षणिक साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती आणि काड्या यांतून साधनं घडवली. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि टाकाऊ डब्यांतून शेकडो खेळणी केली. ती कशी करायची हे त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही फुकट बघायला मिळतं. तुमच्या घरात मिठाईचे खोके, साडीच्या घडीतले पुठ्ठे, शिंप्याकडच्या चिंध्या, खराट्याच्या काड्या, करवंट्या आणि एका बाजूने कोरे असलेले ऑफिसचे कागद असतीलच. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचा ठसा मिळतो, कारल्याचा वेगळाच येतो. एका बशीत ओलं फडकं घडी करून त्यावर पोस्टर रंग पसरला की ठशांचं पॅड तयार.

गोंदाऐवजी खळ करा. वाटीभर पाण्यात दोन चमचे मैदा गुठळ्या न होऊ देता कालवायचा आणि मंद आचेवर तो पारदर्शक दिसेपर्यंत ढवळायचा. फ्रिजमध्ये ती चार-पाच दिवस टिकते. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे. ते विषारी आहे, मुलांच्या खळीत मुळीच घालू नका. मळायला गोळा हवा असेल तर एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी. त्यात मीठ फार असल्याने धाकट्याने तो खाऊ नये इकडे लक्ष असू द्या. मणी, बटणं आणि टिकल्या तो तीन वर्षांचा होईपर्यंत, आणि फुग्याचे तुकडे व खेळण्यांतल्या गोल चपट्या बॅटऱ्या त्यानंतरही, त्याचा हात पोचणार नाही अशा ठिकाणीच हव्यात. बॅटरी गिळली गेली तर आतून भाजतं, म्हणून तशी नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठायचं.

हे सगळं एकदम बाहेर काढू नका. एका खोक्यात चार-पाच गोष्टी ठेवा आणि त्याच आठवडाभर, पंधरा दिवस राहू द्या. रोज नवीन काहीतरी दिलं की मूल प्रत्येक वस्तूची फक्त ओळख करून घेतं. त्याच वस्तू पुन्हा हाती आल्या की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांचं काहीतरी अनपेक्षित होऊ लागतं. दोन खोल्यांच्या घरात एक जुनी चादर म्हणजे क्राफ्टची जागा. ती अंथरली की सुरू, चारी टोकं उचलली की आवरलं. अर्धवट राहिलेलं काम मात्र आवरून टाकू नका. ते कपाटावर ताटात ठेवा, उद्या ती तिथूनच पुढे जाईल. धाकट्याला त्याच चादरीवर स्वतःचा मोठा कागद आणि जाड खडू द्या. ताईच्या कामाला हात लावू दिला नाही की तो रडेल, पण तिचं काम राखणं गरजेचं आहे.

चित्रपुस्तकांकडे येते. ती भराभर पानं उलटते म्हणजे तिचं लक्ष नाही, असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. तुम्ही अक्षरं वाचताय, ती चित्रं वाचतेय, आणि चित्र तुमच्या वाक्याच्या आधी वाचून होतं. मोठ्यांच्या शेजारी बसून पुस्तक ऐकणाऱ्या लहान मुलांच्या नजरेचा माग काढून अभ्यास झालेत. त्यांची नजर जवळपास सगळा वेळ चित्रावर असते, मजकुराकडे क्वचित जाते. तेव्हा पहिल्या फेरीत मजकूर सोडूनच द्या. तिच्या वेगाने सगळं पुस्तक नुसतं बघा, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत. चांगल्या चित्रकाराने मुखपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या वाटणाऱ्या पानांवरही काहीतरी ठेवलेलं असतं. दुसऱ्या फेरीत वाचा. दहाव्यांदा तेच पुस्तक आणलं तरी कंटाळू नका, कारण तपशील दिसायला लागतात ते चौथ्या-पाचव्या फेरीनंतर.

वाचताना कसं बोलायचं यावर अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढंच शिकवलं होतं की हो-नाही उत्तराचे प्रश्न कमी करा, मोकळे प्रश्न विचारा आणि मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणा. दुसऱ्या गटातल्या पालकांनी नेहमीसारखं वाचलं. महिन्याभराने पहिल्या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांत दुसऱ्या गटापेक्षा सहा ते साडेआठ महिने पुढे होती. आपल्याकडे पुस्तक उघडलं की ‘हा कुठला रंग? किती पक्षी आहेत?’ अशी तोंडी परीक्षाच सुरू होते. त्याऐवजी ‘इथे काय चाललंय गं?’ म्हणा आणि थांबा. मनातल्या मनात पाच आकडे मोजा, तिला शब्द जुळवायला तेवढा वेळ लागतो. ‘कुत्रा बाहेर’ म्हणाली तर ‘हो, कुत्रा बाहेर पावसात राहिलाय. आता तो काय करेल?’ चित्रात आहे पण मजकुरात नाही अशी गोष्ट शोधा. या बाईंनी चपला कुठे काढल्या असतील? खिडकीबाहेर अंधार आहे, मग हे लोक झोपले का नाहीत? हे असं बघण्यातूनच पुढे तिच्या स्वतःच्या चित्रात चपला, खिडक्या आणि अंधार यायला लागतो. बघायला शिकलेल्या मुलीला काय काढायचं हा प्रश्न सहसा पडत नाही.

पुस्तकं कुठली? स्वस्त गठ्ठ्यांतली भडक, एकसारख्या गोबऱ्या चेहऱ्यांची पुस्तकं टाळा, त्यांत बघण्यासारखं फार कमी असतं. माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या चित्रपुस्तकांत आपल्याच घरांतली माणसं दिसतात, त्यामुळे मुलं त्यांबद्दल भरभरून बोलतात. नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथम बुक्सची मराठी पुस्तकं खिशाला परवडतात. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. जमलं तर ती छापून घ्या, कारण मोबाईलवर बोट सरकतं आणि नजर चित्रावर टिकत नाही. शब्द नसलेलं एखादं पुस्तक जरूर आणा. आजी-आजोबांना चष्मा लागत असेल किंवा वाचायचा सराव नसेल, तर त्यांनाही अशा पुस्तकातून नातीला गोष्ट सांगता येते, आणि प्रत्येक वेळी ती थोडी निराळी होते.

चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजातले चित्रकथी कलाकार रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं एकामागून एक समोर धरून गाऊन कथा सांगतात. अशा चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कोकणात जाणं झालं तर पिंगुळीला मुलांना जरूर न्या. घरी ही पद्धत फार कामाला येते. तिने आठवड्यात काढलेली चार-पाच सुटी चित्रं जमिनीवर मांडा आणि यातलं आधी काय झालं, नंतर काय झालं, असं विचारा. ती क्रम लावेल, गोष्ट सांगेल, मग क्रम बदलून दुसरी सांगेल. कधी मध्येच एखादं चित्र कमी पडतंय असं तिच्याच लक्षात येईल आणि ते काढायला ती स्वतः पेन्सिल उचलेल. ‘तूच काढून दे’वर माझ्या माहितीत याहून चांगला उपाय नाही.

ती सांगेल ती गोष्ट चित्रामागे किंवा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा, अगदी तिच्याच शब्दांत. ‘मांजर भुर्र गेली’ म्हणाली तर तेच लिहा. आपलं बोलणं अक्षरांत उतरलं आणि आईने ते पुन्हा तसंच वाचून दाखवलं, हा अनुभव पुढच्या लिहिण्या-वाचण्यासाठी फार मोलाचा आहे. पुस्तकच करायचं असेल तर एका कोऱ्या कागदाच्या तीन वेळा घड्या घालून आठ चौकोन पाडा. कागद उघडून उभा ठेवा, वरची कड खालच्या कडेवर येईल असा दुमडा आणि घडीकडून सुरुवात करून मधल्या उभ्या रेघेवर पहिल्या आडव्या रेघेपर्यंत कापा. मग उलगडून लांबट बाजूने दुमडलात आणि दोन्ही टोकं आत ढकललीत की गोंद-पिनेशिवाय आठ पानांचं छोटं पुस्तक होतं. कापायचं काम तुमचं, पानं तिची.

कौतुकाचंही थोडं बोलायला हवं. ‘व्वा, किती सुंदर!’ हे दर वेळी म्हटलं की मूल चित्र काढून आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत झालेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना चित्रं काढायला मनापासून आवडायचं अशा मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात स्केचपेन समोर ठेवली, तेव्हा याच मुलांनी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढली. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं होतं, त्यांची आवड कमी झाली नव्हती. म्हणून ‘पाच चित्रं काढलीस तर चॉकलेट’ हे कटाक्षाने टाळा. त्याऐवजी जे दिसतंय ते बोला : ‘इथे तू खडू खूप दाबून ओढलायस’, ‘हा निळा कोपऱ्यापर्यंत गेलाय’. आपलं चित्र कुणीतरी खरंच बघितलं हे तिला तेवढ्यानेही कळतं. आणि ‘हे काय आहे?’ असं विचारू नका, ‘याबद्दल सांग ना’ म्हणा. कधीकधी ते ‘काहीतरी’ नसतंच, नुसता हिरवा फिरवून बघितलेला असतो.

दिवाळीतला किल्ला आवर्जून करा. मराठी घरांत मुलांनी आपल्या मनाने काही घडवण्याची याहून मोकळी संधी मला दुसरी दिसत नाही. चार वर्षांचं मूल चिखल कालवतं, दहा वर्षांचं मूल विटांचा पाया रचतं, बुरूज कुठे हवा यावर खरी भांडणं होतात आणि ठरलेला नकाशा कुणाकडेच नसतो. हल्ली प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात, ते आणू नका. अंगण नसेल तर बाल्कनीत एका मोठ्या परातीत दगड, माती आणि गोणपाट घेऊन किल्ला होतो. ओल्या गोणपाटावर अळीव पेरले की दोन-चार दिवसांत हिरवं दिसायला लागतं. मावळे विकत आणले तरी हरकत नाही, पण पायऱ्या तिला करू द्या. त्या ढासळतील, ती पुन्हा करेल.

आता क्लास. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा शाळेच्या वरच्या वर्गांत येतात. साडेचारव्या वर्षी त्यांची तयारी वगैरे काही नसते, त्यामुळे घाई कसलीच नाही. या वयाच्या मुलांना जिथे फळ्यावरचं चित्र वहीत उतरवायला लावतात, तिथे पाठवू नका, मग भिंतीवर कितीही बक्षिसं लटकलेली असोत. एखाद्या ठिकाणी जाऊन एकदा नुसतं बसून बघा. दहा मुलांच्या कागदांवर दहा निराळी चित्रं असतील, शिक्षिका साधनं शिकवत असतील आणि मुलांच्या कागदावर स्वतः पेन्सिल चालवत नसतील, तर खुशाल लावा. तसा क्लास जवळपास नसेल, तर त्या फीमधून दर महिन्याला दोन चित्रपुस्तकं आणि एक चांगला खडूंचा डबा येतो.